वास चालत न्हाई

आमच्या गल्लीत कुणाच्या हातात थर्मास दिसला की माणसं "काय, चहा का?" म्हणून थांबतात. शरणप्पांच्या हातात थर्मास दिसला की तीच माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

नव्या माणसाला हे ठाऊक नसतं. तहसील कचेरीत बदलून आलेले एक कुलकर्णी आमच्या शेजारी राहायला आले होते. थंडीचे दिवस होते. एका पहाटे ते बसमध्ये नेमके शरणप्पांच्या शेजारी बसले. शरणप्पांनी थर्मास पोटाशी धरलेला, वरून शाल पांघरलेली. कुलकर्ण्यांनी हात चोळत म्हटलं, "डॉक्टर, एक घोट आम्हालाही होऊ द्या की!" आपल्या कामात कुणी आपणहून रस घेतला की शरणप्पांना आनंद आवरत नाही. त्यांनी लगेच झाकण काढून थर्मास कुलकर्ण्यांच्या नाकापुढे धरला. आत कोमट मिठाच्या पाण्यात म्हशींची अंडाशयं होती, जांभळाएवढी, अंगावर फोड आल्यासारखी. "बघा की साहेब. एकेकाच्या पोटात किती अंडी असतील, सांगा बघू!"

कुलकर्णी पुढच्याच थांब्यावर उतरले. त्या दिवसापासून त्यांनी चहा सोडला. त्यांच्या बायकोनं मला हे मोठ्या समाधानानं सांगितलं. आधी दिवसातून दहा वेळा करावा लागायचा म्हणे.

तर हे आमचे डॉक्टर शरणप्पा. मूळचे मुडबीचे, घरची शेती. इथे बीदरला जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकले आणि इथेच संशोधनाला चिकटले. अवघा जन्म त्यांनी म्हशीच्या अंड्यात घातला. मी मराठी शाळेतली बाई, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. चांगली दुधाची म्हैस वेताला एक रेडकू देते, पण तिच्या पोटात अंडी हजारो. ती तशीच वाया जातात. शरणप्पा पहाटे कत्तलखान्यात जात, कापलेल्या म्हशींची अंडाशयं मागून आणत, त्यातली अंडी सुईनं ओढून काढत, काचेच्या बशीत पिकवत, फळवत, आणि तयार झालेला गर्भ दुसऱ्या म्हशीच्या पोटात ठेवत. काही वेळा जमायचं, पुष्कळदा नाही. जमलं की रेडकू व्हायचं आणि शरणप्पा गल्लीत पेढे वाटायचे. पेढे कुणी नाकारत नसे, ते दुकानातून आणलेले असत.

आता विचार करा. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, सोमवारी कांदासुद्धा न खाणारा माणूस भल्या पहाटे कत्तलखान्याच्या दारात थर्मास घेऊन उभा. त्यांच्या भावकीतल्या लोकांनी एकदा जाब विचारला. हे म्हणाले, "मेलेल्या म्हशीचं आता कोणी न्हाई. तिच्या पोटातल्या अंड्यांचं मी हाय."

गल्लीनं त्यांचं नाव 'अंडेअप्पा' ठेवलं. दुसरा कुणी असता तर डोकं फोडलं असतं. लिंगायताला अंडेअप्पा म्हणणं म्हणजे काय चेष्टा आहे? पण हे हाकेला ओ देत. वर स्पष्टीकरण देत, "बाई, मी अंडं खात न्हाई. मी अंड्याला खाऊ घालतो!" आणि बशीत अंड्याला काय काय खायला लागतं ते सांगत बसत, मग तुमचं दूध उतू जावो नाहीतर शाळेची घंटा होवो.

खिशात त्यांच्या कायम तापमापक. आमच्याकडे चहाला आले तर आधी कपात तापमापक बुडवणार, फुंकर घालणार, पुन्हा बुडवणार. "साडेअडतीस झालं की प्यायचं. म्हशीच्या पोटात तेवढंच असतंय. जगातलं सगळं चांगलं काम साडेअडतीसला हुतंय." बर्फ घातलेला उसाचा रस हा माणूस तळहातात धरून तापवून प्यायचा.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता तो शर्यतीवर. नराचे जंतू सगळे धावतात, पहिला पोचेल त्याला अंडं मिळतं, असं कुणी म्हणालं की ते खवळत. "कुणी सांगितलं शर्यत हाय म्हणून? पहिले पोचलेले दारात डोकं आपटून मरतेत. अंडं आत बसून बघतंय. वास सोडतंय, बोलावतंय, नगं असंल त्याला बाहेर ठेवतंय. घाई सगळी पाव्हण्यांना. अंडं घाई करत न्हाई!"

हे त्यांनी माझ्या घरी बोलावं, लॅबमध्ये बोलावं. पण माझ्या लेकीच्या, रोहिणीच्या लग्नात कुणीतरी यांच्या हातात माईक दिला. वधूवरांना दोन शब्द आशीर्वाद द्या म्हणून. मांडवात हजार माणूस. यांनी सुरुवात केली स्वयंवरापासून. मला वाटलं, वा, आज शुद्धीवर आहेत. तिसऱ्या वाक्याला ते अंड्यावर आले. रोहिणी मान खाली घालून हसत होती, तिच्या बाशिंगाच्या माळा हलताना मला दिसत होत्या. जावई प्रशांत लालबुंद. कमलनगरच्या आमच्या विहीणबाई, प्रशांतच्या आई, पहिल्या रांगेत बसून कानाला पदर लावत होत्या. शेवटी आमच्या ह्यांनी जाऊन माईकची वायर उपटली. तेव्हापासून विहीणबाई त्यांना 'त्यो म्हशीचा डाक्टर' एवढंच म्हणत. कमलनगरला त्यांचं कापडाचं दुकान, माणसांत ऊठबस. भर मांडवात झालेला तो तमाशा त्या विसरायला तयार नव्हत्या.

आणि शेवटची खोड वासाची. शरणप्पांचं म्हणणं असं की अंड्याला नाक नसतं, पण वासानं ते मरतं. अत्तर, उदबत्ती, साबण, खोबरेल तेलात घातलेला सुवास, सगळं हवेतून बशीत उतरतं आणि कोवळा गर्भ जळतो. म्हणून ते डाळीच्या पिठानं अंघोळ करत. डोक्याला तेल नाही. खंडेनवमीला इकडे कचेरीतल्या टेबलापासून बुलडोझरपर्यंत सगळ्याची पूजा होते. त्यांच्या लॅबमधल्या शिपायांनीही एका वर्षी गर्भ ठेवायच्या पेटीला हळदकुंकू लावून पुढे धूप घातला. आतलं सगळं गेलं. शरणप्पा रागावले नाहीत. व्हरांड्यात जाऊन बसले आणि डोळे पुसत राहिले. पुढच्या वर्षीपासून पेटीची पूजा लांबून होऊ लागली. शिपाई अंगणात नारळ फोडायचे आणि बंद खिडकीकडे तोंड करून नमस्कार करायचे.

लग्नकार्यात आपल्याकडे पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात. शरणप्पा मांडवात शिरताना दोन्ही हात काखेत घालूनच शिरत. अत्तरदाणी दिसली की खांबामागे. "वास चालत न्हाई," एवढं बोलून मोकळे.

हेच वाक्य त्यांच्या बायकोच्याही तोंडात होतं, पण ते ती हसून म्हणायची. शांताक्का. गोरीपान, ठेंगणी, दोन हातांत न मावणारा अंबाडा. हळदीकुंकवाला आम्ही तिला मोगऱ्याचा गजरा द्यायचो. ती घ्यायची, एकदा डोळे मिटून हुंगायची आणि माझ्याच केसांत खोवायची. "वैनी, तुम्हीच माळा. आमच्याकडं वास चालत न्हाई." त्या अंबाड्यावर मी कधी फूल पाहिलं नाही. फुलांची तिला इतकी हौस, पण दारात लावली होती ती सदाफुली, बिनवासाची.

त्यांना मूल नव्हतं. गल्लीला बोलायला विषयच हवा असतो. दिव्याखाली अंधार, म्हणायचे लोक. म्हशींना पोरं देतो आणि स्वतःच्या घरात पाळणा नाही. हे शांताक्काच्या कानावर जायचं, ती ऐकून पापड लाटत राहायची. चार वर्षांमागे ती तापाचं निमित्त होऊन गेली. लिंगायतांत पुरतात. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांची रुद्रभूमी आहे, तिथे तिला बसवून पुरली. दुसऱ्या दिवशी पहाटे शरणप्पा थर्मास घेऊन निघालेले पाहिले तेव्हा खरं सांगते, मला त्यांचा संताप आला होता. दगड आहे हा माणूस, असं मी ह्यांना म्हणाले होते.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी रोहिणीला दिवस राहिले नाहीत. कमलनगरहून ती आली की हसायची, पण जेवणावरची वासना उडालेली. विहीणबाई वाईट नव्हत्या, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या प्रश्नांनी त्याही कातावल्या होत्या, आणि कातावलेलं माणूस जवळच्यालाच बोलतं. "आमच्या प्रशांतच्या नशिबात काय हाय कुणास ठाऊक," असं त्या रोहिणीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या. शेवटी कलबुर्गीच्या एका दवाखान्यात उपचार सुरू झाले. सुया, गोळ्या, सोनोग्राफी. अंडी काढली, बाहेर फळवली. एकदा गर्भ ठेवला, राहिला नाही. दुसऱ्यांदा ठेवला, राहिला नाही. आता एकच गर्भ उरला होता, बर्फात गोठवून ठेवलेला. रोहिणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, हे शेवटचं. हे गेलं तर मी पुन्हा सुईसमोर जाणार न्हाई. माझ्यात आता जीव न्हाई."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. आणि नेमके तेव्हाच शरणप्पा चहाच्या कपात तापमापक घालून आमच्या पडवीत बसलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे म्हशीवर येणार. आलेच.

"रोहिणी, हिकडं बघ. मी बशीत अंडी ठिवतो. ढीगभर. त्यातली मूठभर बी पुढं जात न्हाईत. चांगल्या म्हशीची, तरण्या म्हशीची. कामून गेली म्हणून इचारलं तर मला बी सांगता येत न्हाई. पण म्हशीला कोणी म्हणतंय का, तुझ्यात खोट हाय म्हणून? न्हाई ना? मग तुला कामून म्हणायलेत? आन् तू कामून ऐकून घ्यायलीस?"

रोहिणी उठून बसली. कितीतरी दिवसांनी ती खरी हसली. मग तिनं एकच हट्ट धरला. गर्भ ठेवायला जाताना अप्पा बरोबर पाहिजेत.

"त्यो म्हशीचा डाक्टर?" विहीणबाई फोनवर ओरडल्या. पण रोहिणी बधली नाही.

जायच्या आदल्या दिवशी शरणप्पांनी प्रशांतची गाडी तपासली. पुढच्या काचेजवळची सुगंधाची बाटली फेकून दिली. देवाच्या फोटोचा हार काढून आमच्या तुळशीला घातला. सीटांचा वास घेत ते पोलिसांच्या कुत्र्यासारखे गाडीभर फिरले. सकाळी रोहिणी डाळीच्या पिठानं न्हाऊन, उन्हात वाळवलेली जुनी साडी नेसून आली तेव्हा लांबून हुंगून म्हणाले, "पास."

गाडीत प्रशांत चालवायला, शेजारी शरणप्पा, मागे आम्ही तिघी. विहीणबाई पहाटेच कमलनगरहून आल्या होत्या. सगळ्या रस्त्यात त्या मांडीवरची पिशवी घट्ट धरून होत्या. हुमनाबादला देवळापाशी गाडी थांबवायला लावली. "दोन मिनिटं. पाया पडून येताव." सुनेला घेऊन त्या आत गेल्या. मी उतरले नाही, माझे गुडघे दुखतात. शरणप्पांचा डोळा लागला होता.

दोघी येऊन बसल्या. गाडी निघाली. गाव मागे पडलं, तुरीची रानं लागली. एकाएकी शरणप्पा ताठ उठून बसले.

"गाडी थांबीव!"

"काय झालं अप्पा?"

"थांबीव म्हणतो ना! मोगरा हाय. अत्तर हाय. कापूर बी हाय!"

मी वळून पाहिलं. रोहिणीच्या पदराखाली अंबाड्यावर हातभर गजरा. कपाळाला अंगारा. ओटीत खण, नारळ, फुलं. विहीणबाईंनी देवळात तिची ओटी भरली होती. आणि कानामागे, मनगटाला, गळ्याला, अगदी पोटालासुद्धा अत्तर लावलं होतं.

"आई!" प्रशांत ओरडला. "डाक्टरीणबाईनं सेंट लावू नगा म्हणून बजावलं हुतं की न्हाई?"

"सेंट कुठं लावले?" विहीणबाई भांबावल्या. "मला काय कळत न्हाई का? सेंट लावाय नगं म्हणल्या, म्या घरातली बाटली बी आणली न्हाई. ह्ये दर्ग्यातलं अत्तर हाय. उरुसातलं. ह्यो देवाचा अंगारा हाय. देवाघरचं कसं लागल तिला?"

त्या क्षणापर्यंत मला काय, रोहिणीलाही ते वास म्हणून जाणवलंच नव्हतं. ओटीचा वास हा काय वास असतो? तो तर आईच्या घरचा असतो. रोहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिकडे दवाखान्यात सकाळीच गर्भ बर्फातून बाहेर काढलेला. परत फिरणं नाही, आणि असं पुढे जाणंही नाही. "म्या वाईट व्हावं म्हणून केले न्हाई हो," असं म्हणत विहीणबाई रडू लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

शरणप्पा मागे वळले. मला वाटलं आता हे बाईला फाडून खाणार.

"अक्का," ते म्हणाले, "तुमी माया केलासा. माया कुठं जात न्हाई, ती ऱ्हाऊ द्या. वास तेवढा घालवू. प्रशांत, ते बघ, मोटार चालू हाय."

रस्त्याच्या कडेला तुरीच्या रानात बोअरचं पाणी धो धो पडत होतं. शरणप्पा बांधावरून धावत गेले आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर पाण्यात तापमापक धरला. "कोमट हाय! चालतंय! आणा तिला!" रानातली बाई खुरपं घेऊन धावत आली. तिला वाटलं मोटार चोरायला आले. कन्नडात एकच कालवा. शरणप्पांनी तिला कन्नडात काय सांगितलं देव जाणे, पण तिनं खुरपं टाकलं, रोहिणीच्या गालावरून हात फिरवला आणि "बा तंगी, बा," ये बहिणी ये, म्हणत तिला आपल्या बहिणीसारखी हाताला धरून पाण्याखाली नेली.

मग भर दुपारी त्या रानात जे चाललं ते मी जन्मभर विसरणार नाही. आम्ही तीन बायका रोहिणीला धुतोय. डाळीचं पीठ शरणप्पांच्या खिशात होतंच, पुडी बांधून. विहीणबाई स्वतःच्या हातानं तिचे केस चोळतायत आणि नाक ओढतायत. रस्त्यावर शरणप्पा आणि प्रशांत आमच्याकडे पाठ करून उभे, प्रशांत फोनवर दवाखान्याशी बोलतोय आणि शरणप्पा पाठमोरेच ओरडतायत, "कानामागं! कानामागं लावतेत! मनगट! न्हाई, साबण नगं, पीठच! अंबाडा सोडा, केसाच्या मुळाशी बसतंय ते!" येणारीजाणारी वाहनं हळू होऊन बघत होती. एका ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, लग्न आहे का.

"उशीर झाला तर अप्पा?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. "गर्भ तिकडं एकटा..."

"एकटा कुठं? पेटीत हाय. आईच्या पोटाएवढी ऊब हाय. दवाखान्यात सांगितलंय आम्ही, बसंल की घंटाभर. बाई, घाई सगळी आपल्याला. त्याला घाई न्हाई."

रानातल्या बाईनं खोपीतून आपली साडी आणली. जुनी, पाण्यात आणि उन्हातच धुतलेली, वाटेल तितकी विटलेली. रोहिणी ती नेसली. शरणप्पांनी लांबून हुंगलं, डोळे मिटले, पुन्हा हुंगलं. "पास," म्हणाले. काढलेला गजरा आणि ओटी विहीणबाईंनी त्या रानातल्या बाईच्या पदरात घातली. तिला दोन पोरं आहेत, तिसरं पोटात आहे, असं तिनं सांगितलं आणि आमच्या गाडीतल्या सगळ्यांनाच का कोण जाणे बरं वाटलं.

दवाखान्यात रोहिणी आत गेली. विहीणबाई देवाच्या तसबिरीपुढे बसल्या. मी आणि शरणप्पा बाकावर. ते म्हणाले, "एक सांगू का बाई? पोरीच्या पोटातली अंडी तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतेत. आईच्या पोटात असतानाच. म्हंजे आज आत जे ठिवायलेत, त्याचं अंडं तुमच्या पोटात झालेलं हाय. तुमी त्याला एकदा संभाळलंच हाय. आता रोहिणीची पाळी."

मी मराठी शिकवते. इतकं सुंदर वाक्य माझ्या कुठल्या धड्यात नव्हतं. मला एकदम रडू फुटलं आणि पोटातली भीती निम्मी झाली.

थोड्या वेळानं ते आपणहूनच बोलले. "आमची शांता पण लई ऐकून घ्यायची लोकांचं. तवा ही ट्रीटमेंट हैदराबादला नुकती आलती. म्हणलं, जाऊ आपण. ती म्हणाली, नगं. तिथं जावं लागतंय सारखं, तुमची पेटी कोण बघंल? तुमी त्यास्नी संभाळा, मी तुम्हाला संभाळते." मग तापमापक खिशातून काढून त्याच्याशी चाळा करत बसले. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते थर्मास घेऊन का निघाले होते, ते मात्र मला त्या बाकावर कळलं. त्या रिकाम्या घरात त्यांना थांबवलं नसेल. मी उगीच दगड म्हणाले.

गर्भ राहिला. रक्ताचा रिपोर्ट आला त्या दिवशी प्रशांतनं फोन केला आणि त्याला बोलताच येईना, मागून विहीणबाईच ओरडल्या, "बाई, जमलं! म्हशीच्या डाक्टराला सांगा, जमलं!" मी अनवाणीच शरणप्पांच्या घरी धावले. ते म्हणाले, "बरं झालं," आणि चहा ठेवला. तो त्यांनी न मोजता, उकळता प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

सगळे महिने नीट गेले. मुलगी झाली, धट्टीकट्टी, मोठ्या आवाजाची. आमच्या घरात एवढी सुटका, एवढी मोकळी हवा मी आधी कधी अनुभवली नव्हती. मध्यंतरी शरणप्पा रिटायर झाले. लॅबनं त्यांना शाल, श्रीफळ आणि एक नवा थर्मास दिला. त्यात आता चहाच असतो, पण अजून कुणी मागत नाही.

बारसं आमच्याकडे झालं. विहीणबाई कमलनगरहून अर्धं दुकान घेऊन आल्या होत्या. प्रशांतचा चुलता अत्तरदाणी घेऊन फिरत होता. तो शरणप्पांपर्यंत आला तेव्हा आम्ही चारपाच जण एकदम ओरडलो, "त्यांना नको! त्यांना चालत नाही!"

शरणप्पांनी काखेतला हात काढला आणि पुढे केला. "लाव," म्हणाले. "आता काय? पेटी गेली आपली."

मनगटाला अत्तर लागलं. त्यांनी हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहून ओशाळले. पाळण्यात डोकावून बाळाच्या कपाळाला उलटं बोट लावलं, "ताप न्हाई, झ्याक हाय," म्हणाले. मग विहीणबाईंपाशी जाऊन हळूच म्हणाले, "अक्का, गजरा हाय का एक? मोठा बघून द्या."

विहीणबाईंनी परातीतला सगळ्यात मोठा निवडून, केळीच्या पानात बांधून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला, थर्मास धरायचे तसा, आणि वर शाल ओढून घेतली.

"जेवून जा अप्पा," मी म्हटलं.

"येतो की. जरा जाऊन येतो."

ते घराकडे वळले नाहीत. रस्त्याच्या टोकाकडे गेले. मला राहवलं नाही, मी पदर सावरून मागे गेले आणि रुद्रभूमीच्या फाटकापाशी थांबले. शरणप्पा शांताक्काच्या समाधीपाशी खाली बसले होते. त्यांनी पान सोडलं, गजरा नीट गोल केला, अंबाड्याला घालतात तसा, आणि ठेवला. ठेवून झाल्यावरही हात काढला नाही.

"शांते," ते म्हणाले, "माळ आता. आता वास चालतंय."